पहिल्या ओळीतली छत्री

हिशेब सरळ होता. एर्मेते बाल्दुत्सीला द्यायचं होतं काय? एक रविवार, थोडं पेट्रोल आणि सासूबाईंचं एक वेळचं जेवण. मिळणार होतं काय? समुद्रकिनाऱ्यावरची पहिल्या ओळीतली छत्री!

यात विशेष ते काय, असं ज्याला वाटेल त्यानं आमच्या रोमान्यात, इटलीच्या या किनाऱ्यावर, एक ऑगस्ट काढून बघावा. आमच्याकडे माणसाची किंमत बंगल्यावरून ठरत नाही, वाळूत त्याची छत्री कितव्या ओळीत आहे त्यावरून ठरते. पहिल्या ओळीतल्याला समुद्र दिसतो. बाकीच्यांना पहिल्या ओळीतला माणूस दिसतो. एर्मेतेची छत्री नवव्या ओळीत, संडासाच्या भिंतीला लागून. तिथून वर्षानुवर्षं त्याला नुसत्या पाठी दिसत आलेल्या. निम्म्या गावाला तो पाठीवरच्या तिळांवरून ओळखायचा!

पहिल्या ओळीतली ती छत्री सासूबाईंची, म्हणजे आर्जियाबाईंची. नवरा गेला, पण बाईंनी जागा सोडली नाही. यंदा मात्र त्यांनी जाहीर केलं, "माझ्या गुडघ्यांना आता वाळू झेपत नाही. दोघा जावयांपैकी एकाला देऊन टाकीन."

दुसरा जावई लोरिस. हा दर रविवारी पेस्ट्र्यांचा पुडा घेऊन जायचा आणि वर म्हणायचा, "आई, तुम्ही दिवसेंदिवस तरुण दिसायला लागलात!" असल्या माणसापुढे टिकायचं तर काहीतरी भव्यच करायला हवं.

"आई," एर्मेतेनं टेबलावर मूठ आपटली, "या रविवारी तुम्हाला कास्तेलमिरो दाखवतो! डोंगरावरचं गाव, जुनं चर्च, किल्ला, सगळं! तिथला दगड न् दगड माझ्या ओळखीचा आहे."

दगडांची ओळख तशी खरी होती. शाळेच्या सहलीत बसमधून उतरल्या उतरल्या तो त्यातल्याच एकावर ओकला होता.

गाडी वेशीखालीच सोडावी लागली. पुढची चढण अशी, की बकरीनंही वाटेत दोनदा बसून घ्यावं. अर्ध्यावर आर्जियाबाई भिंतीला टेकल्या.

"जावईबापू, छत्री माझ्या हातून घ्यायची आहे, की माझ्या माघारी?"

वर पोचले तेव्हा दुपार झालेली. चर्चला कुलूप. किल्ला बंद. वस्तुसंग्रहालयाच्या दारावर 'लगेच येतो' अशी चिठ्ठी, तीही उन्हानं पिवळी पडलेली.

"देवसुद्धा जेवायला गेलाय," आर्जियाबाई म्हणाल्या. "आपण कधी जायचं?"

एर्मेतेनं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. वेशीपाशी एक गाइडबाई मागे लागली होती, तिला तो "आम्ही काय परदेशी आहोत?" म्हणून ऐटीत झटकून आला होता. आता चार वाजेपर्यंत दाखवायचं काय? कबुतरं?

तेवढ्यात चौकात त्याला छत्री दिसली. काळी, उंच धरलेली, भोवती डझनभर माणसं.

"चला आई! गाइड दुसऱ्यांचा, कान आपले!"

छत्रीवाला काडीसारखा माणूस होता. काखेत कागदांची गुंडाळी. एका तीनमजली दगडी घरासमोर उभा राहून तो म्हणाला, "सगळे आले? मग दारापासून सुरुवात करू. कमान चौदाव्या शतकातली. छप्पर गेल्या हिवाळ्यापर्यंत होतं."

एर्मेते खो खो हसला. बाकी कुणीच हसलं नाही. हिरव्या स्कार्फवाल्या एका बाईनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"समुद्राकडचे ना तुम्ही?"

"हो तर! पक्के समुद्राकडचे!"

"वाटलंच मला!" ती मागे वळून कुजबुजली, "आले हो. समुद्राकडचेसुद्धा आले."

शेजारच्या एका जाड्या गृहस्थाचं तोंड दुसऱ्यानं ताटातला घास उचलल्यासारखं झालं.

आता तुम्हाला सांगूनच टाकतो, कारण एर्मेतेला सांगणारं तिथं कुणी नव्हतं. ती सहल नव्हती! त्या घरातली म्हातारी वारली होती आणि हे तिचे वारस होते. आमच्याकडे जुन्या घराला खिडक्या कमी आणि वारस जास्त. निम्म्यांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नसतात. या घराण्याची एक शाखा फार पूर्वी समुद्राकडे गेली होती, तिला तर कुणीच पाहिलं नव्हतं. छत्रीवाला होता वाटणीसाठी घर मोजायला आलेला सर्वेअर. ऊन सोसवत नाही म्हणून छत्री!

सगळे आत शिरले. आर्जियाबाईंचं भिंतीवरच्या चित्रांकडे लक्ष गेलं नाही, पण एका कपाटासमोर त्या थांबल्या. ठोकून पाहिलं, खण ओढले, वास घेतला.

"अक्रोडाचं आहे. मला आवडलं."

"हात लावायचा नाही!" जाड्या गरजला. "ते आमच्या आईला कबूल केलेलं आहे!"

"तुझ्या आईला?" स्कार्फवाली उसळली. "आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा तुझी आई फिरकली तरी का? सूप कोण आणत होतं? मी!"

"ते सूप पिऊनच गेली ती!"

एर्मेते हरखला. "आई, नाटक आहे हे! हल्ली जुन्या घरांत नट ठेवतात. काय कामं करतायत हो! शिरा बघा शिरा, कशा ताणल्यात!"

त्यानं टाळ्या वाजवल्या. मग त्याच्याही अंगात आलं. छातीवर हात ठेवून तो पुढे झाला.

"थांबा! आम्ही समुद्राकडचे आमचा हक्क सोडणार नाही! कपाटच काय, हे आख्खं घर आमचं आहे!"

सर्वेअरनं छत्री मिटली.

"आख्खं घर? छपरासकट?"

"छपरासकट!"

"नगरपालिकेची नोटीस आहे. छप्पर मालकानं स्वखर्चानं बांधून द्यायचंय."

"नोटीस आमची! छप्पर आमचं! त्यातून गळणारा पाऊससुद्धा आमचा!"

आणि चमत्कार झाला! आत्तापर्यंत एकमेकांचे लचके तोडणारी माणसं लोण्यासारखी वितळली.

"दादा!" जाड्यानं त्याला मिठी मारली. "शेवटी रक्त ते रक्त!"

"आत्याच्या तोंडी शेवटपर्यंत तुमचंच नाव होतं," स्कार्फवालीनं डोळे पुसले.

"कपाटही ठेवून घ्या हो!"

सर्वेअरनं मालकीचा कागद पुढे केला. प्रेक्षकांनाही नाटकात घेतात, या कौतुकात एर्मेतेनं झोकात सही ठोकली. सर्वेअरनं ती वाचली. पुन्हा वाचली.

"बाल्दुत्सी? या घराण्यात बाल्दुत्सी कोण?"

"मी! बाथरूमच्या टाइल्स विकतो. बरं, पुढचा प्रवेश कुठला? आणि किल्ला किती वाजता उघडतो?"

ज्या जाड्यानं गळ्यात हात टाकले होते, त्यानंच तो गळा धरला.

"चोर!"

"आत्याच्या चांदीवर डोळा ठेवून आलाय मेला!"

एर्मेतेनं वळून पाहिलं, तर सासूबाई गायब! एवढ्यात स्वयंपाकघरातून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "सोडा रे त्याला. माझे पाहुणे आहेत ते."

आत घराण्यातले सगळ्यांत वडील, विधुर सेत्तिमियोकाका, गळ्याला रुमाल खोचून बसले होते. समोर आर्जियाबाई. मध्ये चीज, पाव आणि वाइन.

"काका, ही माणसं आपली नाहीत!" जाड्या ओरडला.

"ते मला दारातच कळलं. मी यांच्यासाठी दार धरलं, तर बाई 'आभारी आहे' म्हणाल्या. आपल्या घराण्यात म्हणतं का असं कुणी?"

जाड्यानं एर्मेतेचा गळा सोडला. कागद फाडला गेला. एर्मेतेच्या हातात पावाचा तुकडा आला. तो खाली मान घालून चावत राहिला. चार वाजले, तरी किल्ल्याचं नाव काढायची हिंमत त्याला झाली नाही.

सेत्तिमियोकाकांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. दूर क्षितिजावर एक निळी रेघ होती.

"जन्मभर समुद्र एवढाच पाहिला. दोऱ्याएवढा."

"मग जवळून बघा की!" आर्जियाबाई लाजल्या, की ती वाइन होती, कोण जाणे. "माझी जागा आहे. पहिल्या ओळीत."

एर्मेते पाव टाकून उठला. "आई! पण तुमचे गुडघे... ती वाळू..."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? आख्खा डोंगर चढले ना तुझ्या मागे! तूच तर दाखवून दिलंस, जावईबापू!"

ऑगस्ट उजाडला. आर्जियाबाईंना सोबत मिळाली, सेत्तिमियोकाकांना समुद्र. पहिली ओळ आपलीच, या खात्रीनं लोरिसनं स्वतःची जागा आधीच सोडून दिली होती. तो आता एर्मेतेच्या छत्रीखाली पाय पसरून फुकटच्या सावलीत पेस्ट्र्या खातो. गाइडबाईची फी वाचली, ती वाचलीच. एका छत्रीच्या मागे गेला आणि दुसरी घालवून आला, तो एकटा एर्मेते. त्यालाही अगदीच काही मिळालं नाही असं नाही. नवव्या ओळीतून त्याला आता एक पाठ जास्त दिसते. उजव्या खांद्याखाली तीन तीळ आहेत!