गारखेड्याच्या गंजक्या पाइपावरील मोहीम

श्रीगजाननास वंदन करोन, शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरी, पौष मासी, छत्रपती संभाजीनगरी गारखेडा प्रांती जे रण माजले त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. पदरचा मीठमसाला घालीत नाही.

राजश्री लक्ष्मणराव, निवृत्त हेडक्लार्क, चाळीस वर्षांच्या घराचे धनी. यांचे नळास दर आठवे रोजी पाणी येई आणि ते तांबडे येई. रावांनी तोटीस फडके बांधिले, आणि फडके तांबडे होताच पुरावा म्हणोन अर्जास टाचून पाणीकचेरीत रवाना केले. ऐसे सतरा अर्ज, सतरा फडकी!

इतक्यात पुण्याहून कन्या नीरजा, सातवा महिना, हिचा खलिता व्हॉट्सअॅपमार्गे दाखल जाहला की, आठवड्याने निघते, परंतु पाणी नितळ नसेल तर बाळंतपण पुण्यासच करणे. मग मीनाक्षीबाईंनी पतीस फर्माविले की, लेक न आली तर गाठ आमच्याशी आहे.

मग पाण्याचे वारी प्लंबर पुंजाराम, बहुत कसबी, यास पाचारिले. त्याने रस्त्याकडील मीटरपाशी एक पेला भरला आणि स्वयंपाकघरात दुसरा भरला. पहिला नितळ, दुसरा निव्वळ चहा!

पुंजाराम वदला, "काका, दुश्मन भाईर नाय, तुमच्याच भिंतीत हाय. लोखंडी पाइप आतून लई सडलाय. पाणी गेलं की रिकामा पाइप भोकांतून मोरीची घाण वढतो, आन् तेच तुम्ही पेता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच! राव बहुत ओशाळले आणि तत्क्षणी भिंत फोडण्याचा हुकूम दिधला.

मग छिन्नी-हातोड्यांचा मारा जाहला, आणि मीनाक्षीबाईंनी शेजारच्या करुणाताईंचे ओट्यावरून रसद चालविली, आणि पाइप कापिला तो आत करंगळी शिरेना, आणि ओल गीझरच्या विजेच्या बोर्डापासून बोटभर अंतरावर येऊन ठेपलेली पाहोन पुंजारामाने आधी मेन स्विच पाडिला. हातोडा रावांचे अंगठ्यावर बसला तरी राव मागे न हटले. सातवे सांजेस नवा पाइप कायम जाहला.

आठवे रोजी पाणी आले ते लखलखीत आले. दुपारी नीरजा उतरली, पेलाभर पाणी प्याली आणि म्हणाली, "बाबा, आता मी इथून हलत नाही." राव तोंड फिरवोन डोळे पुसते जाहले.

येणेप्रमाणे पौष वद्य अष्टमीस गारखेडा फत्ते जाहला. शत्रूचे प्रेत भंगारवाल्याने नेले. आपले बाजूस एक अंगठा जायबंदी. आणि लेकीचे माहेर कायम राहिले. बखर समाप्त.