कोर्साची खोड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेळीचे खूर कापणं. मी शेळी धरली होती आणि पारू, माझी बायको, कातर चालवत होती. शेळी बोंबलत होती आणि पारू तिच्यावर आवाज चढवून कॉलेजच्या कोर्सांबद्दल बोलत होती.

"मशिनीचा कोर्स तापट हाय, पर दुधाचा हाय. वकिलाचा गरीब हाय, पर त्याला सारखं कुणीतरी वळाया लागतं. पाय धरा की नीट!"

पारू शाळेत गेली नव्हती. मी चौथीपर्यंत गेलो. आयुष्यभर आम्ही शेळ्या-मेंढ्या राखल्या. पण आमच्या वस्तीतलं पोर बारावीच्या पुढं आलं की त्याच्यासाठी कॉलेज बघायला जाणार ती पारू. पिरंगुटपासून हिंजवडीपर्यंत एक कॉलेज तिनं सोडलं नाही. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं लोक म्हणायचे, हिला दुसरा उद्योग काय! मलाही तेच वाटायचं. म्हातारीला बसनं हिंडायला आवडतं, हिंडू दे.

एकदा मी संगं गेलो होतो. हिंजवडीकडचं कॉलेज, काचेचं दार, आत गार हवा. कोट घातलेल्या पोरानं आम्हाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कोर्साचे गुण सांगायला लागला. नोकरी हमखास, बिल्डिंग नवी, कॅन्टीन झकास. पारूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गुण तर दलालबी सांगतो. ह्याची खोड सांग."

पोरगा म्हणाला, "खोड म्हणजे?"

"शेळी इकताना सांगत्यात का न्हाई? ही लाथ मारती, ही करडाला पाजत न्हाई. तसं ह्या कोर्साचं काय ते सांग. मागनं भांडान नको."

तो परत कॅन्टीनचंच सांगायला लागला. ती उठली. "खोड न्हाई असं जनावर नसतं बाबा," म्हणाली आणि निघाली. मी मागं राहून त्याची माफी मागितली.

दुसरी तिची तऱ्हा म्हणजे गेटावर उभं राहायची. शेळी घ्यायची तर तिची करडं बघतात, तशी ही कॉलेज सुटल्यावर बाहेर पडणारी पोरं बघायची. हसत बाहेर पडली की खुशीत मान डोलवायची. माना खाली घालून फोनच बघत निघाली की पुढच्या बसची वाट बघायला लागायची.

पिरंगुटजवळच्या एका कॉलेजात मात्र तिचं जमलं. तिथं वकिलांच्या मदतनिसाचा कोर्स होता. पारूनं तिथल्या बाईंना विचारलं, "हे शिकून वकील व्हतंय का पोरगं?"

"नाही मावशी. वकिलाचे कागद तयार करायचे, तारखा सांभाळायच्या, आलेल्या माणसाला धीरानं समजावून सांगायचं."

"म्हंजे भांडान एकाचं, बोलनार दुसरा, आन् राबनार तिसरा."

बाई हसल्या. "हीच खोड समजा."

पारू खूश झाली. खरं बोलणारं माणूस भेटलं म्हणाली. मागल्या वर्षी सुताराच्या पांडूला तिनं तिथंच घातलं. पांडू मुळात गप्प. कोण काय सांगेल ते तास तास ऐकून घेतो. त्याचं तिथं छान चाललंय.

यंदा शेजारच्या दत्तूची रुपाली होती. रुपालीची आई ती रांगत असतानाच गेली. दत्तू हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो. रात्रभर गाडी, दिवसा झोप. त्याचं म्हणणं, पोरीनं पांडूसारखा वकिलाचा कोर्स करावा, पंख्याखाली बसावं. रुपालीला कारखान्याच्या मशिनी चालवायचा, माल कसा बनवतात ते शिकायचा कोर्स हवा होता. घरातला मिक्सर ती तीनदा खोलून बसली होती. दोनदा तो परत चालू झाला.

रुपालीला संगं घेऊन पारूनं त्याच पिरंगुटच्या कॉलेजातल्या मशिनीच्या सरांना खोड विचारली. सर म्हणाले, "दिवसभर उभं राहून पाय भरून येतात. आणि वर्गात मुली दोनच."

"दोन हायेत ना? मंग सोबत हाय," पारू म्हणाली. घरी येऊन दत्तूला म्हणाली, "तुजी पोरगी कुनाच्या हाताखाली गप बसंल का? तुज्या तरी बसती का?"

दत्तूनं लई आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाला, "काकू, तुमी सोता संगं जाऊन तिची जागा नक्की करून येनार असला तर माजी ना न्हाई. मला तितलं कायबी कळत न्हाई."

प्रवेशाचा शेवटचा दिवस परवावर आला होता. खूर कापताना पारू हेच सांगत होती, की परवा लवकर निघायचंय, भाकरी तुमची तुमी घ्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे चहा ठेवायला उठली आणि चुलीपुढं बसली ती तशीच कलंडली. मी हाक मारली. परत मारली. दुपारपर्यंत सगळं उरकलं.

संध्याकाळी दत्तू माझ्याजवळ येऊन बसला. डोळे पुसत म्हणाला, "आप्पा, ऱ्हाऊ द्या आता ते मशिनीचं. वकिलाच्या कोर्साला जागा हायेत अजून. पुढल्या हप्त्यात तितं घालू तिला." रुपाली दारात उभी होती. ती आत जाऊन पारूची भांडी घासायला लागली.

सकाळी मी आंघोळ केली, शर्ट घातला आणि रुपालीला म्हटलं, "चल."

भावजय आडवी आली. "आवो, सुतकात कुटं निगालात? लोक काय म्हनतील?"

"पारूचं काम ऱ्हायलंय म्हनून सांग."

बसमध्ये जागा होती, पण सुतकात कुणाला शिवायला नको म्हणून मी उभाच राहिलो. कंडक्टर दोनदा म्हणाला, "बसा की आजोबा." रुपालीही उभी राहिली.

कॉलेजात खिडकीतल्या माणसानं रुपालीला लगेच ओळखलं. "आई नाही आल्या आज?"

मी म्हटलं, "तिला आई न्हाई."

"असं कसं? चार दिवसांपूर्वी माझ्याशी भांडून गेल्या की. मी हिची आई, म्हणाल्या." तो हसायला लागला. "गेल्या वर्षी त्या पांडुरंगाची आई होत्या. त्याआधी दोन मुली आणल्या, त्यांचीही आईच. आडनावं सगळ्यांची वेगळी. आम्ही कधी विचारलं नाही. मावशींचं घर केवढं असेल, अशी आमची आपसांत चेष्टा चालते."

ह्यातलं एक अक्षर पारूनं मला कधी सांगितलं नव्हतं.

"काल गेली ती," मी म्हटलं.

त्याचं हसू गेलं. खुर्चीतून उठून उभा राहिला. हळूच म्हणाला, "आणि तुम्ही कोण?"

"बाप हाय. हिची जागा आदी नक्की करा. मला सुतक हाय, घरी जायचंय."