जावईबापूंच्या उमेदवारीची हकिगत

तमाम सुज्ञ श्रोत्यांस विदित व्हावे जे, त्या समयी मुलुखात कारागिरांचा दुष्काळ पडिला होता. पदवीधर पैशाला पासरी, परंतु गळका नळ बंद करील ऐसा इसम दिवा घेऊन धुंडाळता न मिळे. मग सरकारदरबारी मोठी मसलत जाहली आणि फर्मान सुटले की, प्रत्येक उस्तादाने एक शिकाऊ उमेदवार पदरी बाळगावा, त्यास हुन्नर द्यावा आणि सरकारी अंमलदाराने परीक्षा घ्यावी. पास होईल त्यास गावातच रोजगार.

गावी नळकामाचे उस्ताद एकच. कसबात जबरदस्त, गुडघ्यांनी बेजार, जिभेने तिखट. आजवरचे शागीर्द त्यांच्या शिव्या खाऊनच शिकले आणि शिकून दूरदेशी निघोन गेले. अशात उस्तादांचे जावईबापूंची कचेरीतील नोकरी सुटली. येथे काम न जुळे तर बिऱ्हाड लांबच्या शहरी हलविणे प्राप्त, आणि मग एकुलती एक लेक दृष्टीआड. उस्तादांचे काळजात चर्र जाहले. सबब त्यांणी जावईबापूंसच उमेदवार नेमिले आणि तेथेच घोडे पेंड खाऊ लागले.

कारण उस्तादांचे कुटुंब, म्हणजे जावईबापूंच्या सासूबाई, यांचा सक्त हुकूम जाहला की, जावयास उणा शब्द बोलाल तर या घरात जेवण मिळणार नाही. सरकारचे फर्मान एकवेळ टळेल, हे कसे टळावे? मग ज्या घरी काम निघे तेथे जावईबापूंस आधी खुर्ची मांडिली जाई आणि उस्ताद दुखऱ्या गुडघ्यांनिशी ओट्याखाली शिरत आणि जावईबापूंनी भलताच पाना दिला तरी तोही उत्तम आहे ऐसे म्हणोन, कण्हत उठोन, दुसरा स्वहस्ते घेत. जीभ चावून चावून उस्तादांचे तोंड आले आणि जावईबापूंची विद्या होती तेथेच राहिली.

मग परीक्षेचा दिवस उगवला. अंमलदारसाहेबांची स्वारी कडक इस्त्रीनिशी उस्तादांचेच स्वयंपाकघरी दाखल जाहली आणि आज्ञा जाहली की, उमेदवाराने गळका नळ उतरवून वायसर बदलावा, उस्तादांनी हात लावू नये. लेक दाराआडून डोकावत उभी. जावईबापू पाना उगारून, मेन व्हॉल्व्ह बंद न करिता, नळास भिडले. उस्ताद खाकरले, भुवया उडविल्या. सासूबाईंनी डोळे वटारले. मग उस्ताद पुनः गप्प. आणि नळ उडाला आणि पाण्याची तोफ सुटली ती थेट साहेबांचे छातीवर.

उस्ताद गरजले, “अरे गाढवा! आधी मेन व्हॉल्व्ह बंद कर! तो काय तुझा बाप येऊन करणार आहे?”

जावई तर जावई, वर व्याहीही उद्धरले गेले! सासूबाई मटकन खाली बसल्या. परंतु जावईबापूंचे मुखावर, नवल ते काय सांगावे, तेज चढिले. ते धावले आणि व्हॉल्व्ह आवळला आणि वायसर बदलला, आणि उस्तादांची शिवीवर शिवी पडत गेली आणि शिवीगणिक नळ नीट बसत गेला. मग साहेबांनी, स्वतः दाराबाहेर उभे राहोन, तेच काम पुनः करविले. उस्तादांस मौनाची ताकीद. जावईबापूंनी प्रथम व्हॉल्व्ह बंद केला. थेंब म्हणोन गळला नाही.

हात पुसत जावईबापू म्हणाले, “बाबा, इतके दिवस का नाही ओरडलात? मला वाटायचं, पोरीचा नवरा रिकामा बसलाय, म्हणून नुसतं सांभाळून घेताय.”

उत्तरादाखल उस्तादांनी आणखी एक शिवी हासडली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. साहेबांनी ओल्या हातानेच शिक्का केला. त्यांचा सदरा तेवढा कामी आला. लेकीचे बिऱ्हाड गावातच राहिले. सासूबाईंनी जुना हुकूम मागे घेऊन नवा काढिला की, ओरडा, पण पोराला वेळेवर जेवायला आणा. हल्ली खुर्ची मांडिली जाते ती उस्तादांसाठी. ओट्याखालून जावई विचारतो, “बाबा, आता कुठला पाना?” आणि उस्ताद गुडघे चोळीत खुशाल शिव्या देतात.