अण्णांनी ठोकलं ते ठोकलं

बोलिंगचा जुना हॉल पाडणार म्हटल्यावर लेकीने हट्टच धरला. तिथली गोळे सोडायची एक लाकडी लेन अण्णांनी, म्हणजे तिच्या सुतार वडिलांनी, तरुणपणी स्वतःच्या हाताने बसवली होती. त्या लेनचंच जेवणाचं टेबल तिला नव्या घरात हवं होतं. पाडकामाचा मुकादम भला माणूस. त्याने लेनमधून टेबलाच्या लांबीचा तुकडा आडवा कापून दिला. "दुपारी मशीन येईल, त्याआधी उचला. नंतर माझ्या हातात काही नाही," असंही बजावलं.

तुकडा उचलायला जावईबापू वाकले आणि वाकलेलेच राहिले. बोलिंगची लेन म्हणजे साधी फळी नव्हे. लाकडाच्या अरुंद पट्ट्या उभ्या धरून एकीला दुसरी, दुसरीला तिसरी अशा ठोकत जायच्या. प्रत्येक पट्टीचे खिळे पुढच्या पट्टीआड जातात, वरून एकही दिसत नाही.

"मधोमध चिरून दोन भाग करू," जावई कंबर धरून म्हणाले. "एवढं रुंद आमच्या दारातून जाणारही नाही."

मुकादमाने करवत चालवली. पातं आतल्या खिळ्यावर आपटून तुटलं. दुसरं लावलं, तेही गेलं.

"खिळे किती ठोकलेत हो, अण्णा?"

"लागतात तेवढे," अण्णा म्हणाले. नातवंडाचा पहिला नंबर आल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

तिसरं पातं द्यायला मुकादमाने साफ नकार दिला. मग पहार आली. कडेची पट्टी उचकटायला जावई पहारीला अक्षरशः लोंबकळले. पट्टी ढिम्म हलली नाही, पहार मात्र वाकली. अण्णा हात मागे बांधून कौतुकाने बघत होते.

"अण्णा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात? तुम्हीच ठोकलंय, तुम्हाला उचकटता येत नाही?"

"उचकटायचं असतं तर ठोकलं कशाला असतं?"

मुकादमाने धूळ पुसून लाकडावरून तळवा फिरवला. इतकी वर्षं जडजड गोळे आपटले होते, पण दोन पट्ट्यांमधला सांधा बोटाला लागत नव्हता. "आयुष्यभर पाडापाडीच केली," तो म्हणाला, "पण हे मोडायला हात धजत नाही बघा." अण्णांनी हळूच डोळे पुसले.

तेवढ्यात बाहेर मशीनची घरघर ऐकू आली आणि लेकीचा चेहरा पडला. जावयांचं डोकं फिरलं. त्यांनी वाकडी पहार उचलली आणि हाताला येईल तिथे, भलत्याच फटीत घातली. कर्र आवाज झाला आणि तुकडा मधोमध उघडला.

सगळ्यांना आनंद झाला. अण्णांचं मात्र तोंड उतरलं. ते गुडघ्यावर बसून आत बघू लागले. पट्टीला दोन्ही टोकांना एकेक खिळा होता आणि मध्ये सगळा शुकशुकाट.

"हे माझं काम नाही," ते म्हणाले.

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या सासूबाई मागे उभ्या होत्या. "तुमचंच आहे. ही तुमची लेक झाली त्या दिवशीचं. निरोप पोचला तेव्हा पट्टीच ठोकत होतात ना? हातोडी हातात घेऊन दवाखान्यात आला होतात. नर्स घाबरून पळाली होती."

लेकीने रडत रडत हसून घेतलं.

संध्याकाळी दोन्ही भाग एकेक करून नव्या घरी वर चढवले. पाय लावण्यासाठी ते हॉलमध्ये शेजारी शेजारी पालथे ठेवले, आणि लेक-जावई टेंपोतले पाय आणायला खाली गेले. परत येताना जिन्यातच ठोकाठोक ऐकू आली. जावई धावत वर आले. अण्णा सांध्यावर तिरके खिळे मारत होते, एकाला लागून एक.

"अण्णा, हे काय चाललंय?"

"राहिलं होतं."

"अहो, टेबल स्वयंपाकघरात ठेवायचंय! आत नेऊन मग जोडणार होतो. त्या दारातून आता हे जाणार कसं?"

अण्णांनी सांध्यावर बोट फिरवून बघितलं. बोटाला काही लागलं नाही.

"असू दे," लेक म्हणाली. "हॉलमध्येच जेवू."

"आणि उद्या घर बदलायचं झालं तर?"

अण्णांनी तोंडात धरलेला शेवटचा खिळा काढून जागेवर टेकवला.

"तर भिंत पाडा," ते म्हणाले. "माणूस ओळखीचा आहे."