एसटीच्या मागची गाडी

आमचे घरमालक सोपानतात्या दर रविवारी एसटीच्या मागे गाडी चालवतात. एसटीत त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू असतात, पौडला बहिणीकडे निघालेल्या. तात्यांच्या गाडीत, पुढच्या सीटवर, काकूंची पिशवी असते. एसटी थांबली की तात्या थांबतात, माणसं चढली-उतरली की निघतात. मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार होतात. तात्यांना त्याचं काही नसतं.

याचं कारण भांडण नाही हो, वास! तात्यांची निळी गाडी वीसेक वर्षांची, आणि आत बसलं की पेट्रोलचा असा भपका येतो की डोळ्यांत पाणी उभं राहतं. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला जाताना काकूंना त्या वासानं उलटी झाली, ती थेट नव्या साडीवर. त्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून जाहीर केलं, "ह्याचा वास जाईस्तवर मी ह्यात पाय ठेवणार न्हाई." काकू शब्दाच्या पक्क्या.

मी मूळचा लातूरचा, नोकरी हिंजवडीला आणि खोली कासार आंबोलीत तात्यांच्याकडे. भाडं दिलं की सुटलो असं मला वाटलं होतं. इथे नाकही द्यावं लागतं. रविवारी सकाळी मी दात घासत असताना हाक येते, "सायेब, या जरा. वास घ्या." मी बोनेटमध्ये डोकं घालायचं, मग मागच्या सीटवर बसायचं आणि निकाल द्यायचा. 'येतोय' म्हटलं की तात्या असं बघतात, जसं काही मीच पेट्रोल सांडलंय.

स्वतः तात्या मात्र मोठे जाणकार. "मेकॅनिकला आदी नाक पायजे, नाक! पाना मागनं." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तीन गॅरेजवाल्यांना ते ऐकवून झालंय. एकाला तर "नाक हाय का टोपी अडकवायची खुंटी?" असं विचारलं, तेव्हापासून त्या गॅरेजच्या दारात तात्यांना गाडी लावू देत नाहीत. बिचारे गॅरेजवाले बुधवारी-गुरुवारी गाडी हुंगायचे आणि त्यांना काहीच यायचं नाही. मग तात्या स्वतः पाना घेऊन बसायचे. कार्ब्युरेटरची वॉशरं बदलली, इंजिनाजवळचे पाइप बदलले, टाकीचं झाकण दोनदा बदललं. रविवारी वास हजर.

जेवतानाही हाच तोरा. मला कधी पंक्तीला बसवलं की पहिल्याच घासाला डोळे मिटून, "वा! काय वास सुटलाय आमटीला. औंदाचा मसाला लई झ्याक जमलाय." काकू लाजून भाकरी वाढायच्या. मी मनात म्हणायचो, काय ही नाटकं.

शेवटी वैतागून मी एका शनिवारी त्यांच्याबरोबर पंपावर गेलो आणि सगळा उलगडा झाला. रविवारी 'हिच्या संगं' जायचं, म्हणून तात्या आदल्या दिवशी टाकी भरतात. भरतात म्हणजे कशी? पंपाची नळी आपोआप बंद पडली तरी यांचं समाधान नाही. खाली उतरून दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवतात आणि आणखी ओतायला लावतात. "बसतंय, आजून बसतंय!" पेट्रोल पार तोंडाशी येतं. आठवडाभर शेतावर चकरा मारून ते खाली उतरतं आणि त्याच्याबरोबर वासही जातो.

"तात्या, वास पुढे नाही, मागे आहे," मी म्हणालो. घरी येऊन आम्ही डिकीतलं अस्तर उचकटलं. झाकणापासून टाकीपर्यंत जाणारा जाड रबरी पाइप भेगाळला होता आणि त्यातून पेट्रोल पाझरत होतं. मी रुमाल नाकाला लावून मागे सरलो. तात्यांनी नाक त्या पाइपापासून चार बोटांवर नेलं आणि मला विचारलं, "येतोय का हितनं?"

"तुम्हाला नाही येत?" मी विचारलं.

"त्या लग्नाच्या आदी ताप आल्ता न्हवं, तवापासनं न्हाई येत," ते हळूच म्हणाले. "कशाचाच न्हाई. त्या दिशी मला वास आला असता तर हिला गाडीत बसवलीच नसती. तुमी सांगू नका तिला. ताट वाढती आन् माझ्या तोंडाकडं बघत बसती हो."

तात्यांच्या या नाकावरून मी ऑफिसात किती जणांना हसवलं होतं! मला माझीच लाज वाटली.

टाकी थोडी उपसली, नवा पाइप आणि दोन क्लिपा बसवल्या, काम झालं. रविवारी काकू पुढच्या सीटवर बसल्या आणि मला साक्षीदार म्हणून मागे बसवलं. पिशवी माझ्या मांडीवर आली.

"वास?" तात्यांनी आरशातून विचारलं.

पाइप पक्का होता, पण डिकीतल्या अस्तरात दोन वर्षांचं पेट्रोल मुरलेलं. थोडा येत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूच म्हणाल्या, "कसला वास? चला आता." तात्यांचं लक्ष रस्त्याकडे होतं आणि काकूंचा पदर नाकावर होता. मी हळूच काच खाली केली.

पौड रस्त्याला लागलो आणि पुढे एसटी आली. ती थांबली, तात्या थांबले. ती निघाली, तात्या निघाले. पुढच्या थांब्यावरही तेच. मागून हॉर्न सुरू झाले.

काकूंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"अवं, मी हितं बसलेय. काढा की पुढं."