शर्मिष्ठाबाई गुळवणी यांच्या अठ्ठाविसाव्या समुद्रस्वारीची हकीकत

श्री वरुणराज सुप्रसन्न असो. लाटा त्याच्या, वारा त्याचा, आम्ही केवळ तिकिटापुरते पाहुणे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, ते दिवशी जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहितो. साहेबीं पत्र धाडून पुसिले की, आम्ही उभयतां प्रथमच मोठ्या सफरी जहाजावर निघतो, तरी काय न्यावे, काय खावे, कोणावर विसंबावे, याचा जाणत्यांचा दाखला लिहून पाठविणे. आज्ञा प्रमाण. परंतु आमचे स्वतःचे शहाणपण अवघे तीन सफरींचे, आणि त्यातलेही बरेचसे कठड्यावर ओणवे होऊन मिळविलेले, त्याची काय मातबरी. म्हणोन येथे जे लिहितो ते शर्मिष्ठाबाई गुळवणी यांचे लिहितो. त्यांच्या मागून चालणाऱ्या एकतीस माणसांत आम्ही होतो, हे सांगताना आजही छाती फुगते.

ते राज्य पाण्यावर तरणारे. नाव आहे, पण लिहीत नाही. मजले चौदा, रयत तीन हजार, चाकरमंडळी हजाराचे वर, आणि मुदपाकखाना ऐसा की पहाटेपासून निजेपर्यंत चूल विझत नाही. राज्याचा धनी कप्तान, पांढरा पोशाख, बोलणे थोडे. त्या राज्यात जो जितक्या सफरी करील तितका त्याचा मान चढतो, प्रथम रुपेरी, मग सोनेरी, आणि अठ्ठाविसावी सफर लागली म्हणजे हिऱ्याचा मान, तो कप्तान भर दरबारात आपले हाते छातीवर बिल्ला लावून देतो. शर्मिष्ठाबाई सोनेरी होत्या आणि ही त्यांची अठ्ठाविसावी स्वारी होती. बाई मूळच्या सांगलीच्या, वय एकाहत्तर, विमा कचेरीत छत्तीस वर्षे चाकरी केली आणि निवृत्त होताच समुद्र धरिला. यजमान अण्णासाहेब यांस पाणी मानवत नाही, ते सांगलीस राहून कुंड्या आणि कुत्रा सांभाळतात आणि बाई सुखरूप उतरल्याचा फोन आला म्हणजे कुत्र्यास फिरवून आणतात. सत्तावीस सफरींत बाई एकदाही जहाजाच्या दरवाजाशी उशिरा आल्या नव्हत्या. आमच्या मंडळींबरोबर प्रवासी कंपनीने झेंडा घेतलेला एक वाटाड्या दिला होता, तो बिचारा भला माणूस, परंतु दुसरे दिवसापासून तोही झेंडा गुंडाळून बाईंच्या मागून चालू लागला.

पहिले दिवशी बाईंनी सातव्या मजल्यावर सावलीची जागा पाहून दरबार भरविला आणि नवख्यांस बोध केला तो ऐसा. जहाज सुटावयाचे त्याचे आदले दिवशीच बंदराचे गाव गाठावे, त्याच दिवशीच्या विमानावर भरवसा ठेवू नये. मोठ्या बॅगा केबिनच्या दारी संध्याकाळपर्यंत येत नाहीत, म्हणोन औषधे आणि एक जोड कपडे खांद्याच्या पिशवीत वागवावे. ज्याचे पोट नाजूक त्याने केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यास घ्यावी, आणि भोजनशाळेच्या खाली तर कदापि घेऊ नये, कारण पहाटेपासून वरती खुर्च्या ओढतात. आलेपाक मळमळण्याच्या आधी खावा, नंतर खाऊन काही होत नाही. हे आम्ही ऐकिले नाही आणि दुसरे दिवशी भोगिले. मग बाई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी सगळे वरच्या जेवणावर तुटून पडतात. तुम्ही खालच्या हॉलमध्ये जा. तिथं वाढप्याचं नाव विचारा आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावानं हाक मारा. तिसऱ्या दिवसापासून तो न सांगता दही आणि हिरवी मिरची आणतो की नाही बघा." आणि तैसेच जाहले. पोहण्याच्या तलावापाशी लोक भल्या सकाळी खुर्चीवर टॉवेल टाकून जागा धरतात आणि दुपारपर्यंत तोंड दाखवीत नाहीत. त्यावर बाईंचे मत ऐसे की, "एस.टी.त रुमाल टाकला तर माणूस खिडकीबाहेर तरी उभा असतो. इथं टॉवेल उन्हं खातो आणि माणूस नाश्ता." ऐसे बोलून त्यांनी एक टॉवेल घडी करून बाजूस ठेविला आणि खुर्चीत बैसल्या. मग टॉवेलाचा मालक आला, दांडगा परदेशी गृहस्थ, लालबुंद, आणि काही बोलू लागला. तेव्हा बाईंनी चष्म्यावरून पाहून शुद्ध मराठीत सांगितले, "बसा की, शेजारची रिकामी आहे." आणि तो बैसला. आम्ही हे डोळ्यांनी पाहिले.

आता शेवटचे कलम किनाऱ्यावर उतरण्याचे, आणि त्यावरच पुढील सारे घडले. बाईंचा दंडक ऐसा की, उतरताना मोबाईल केबिनच्या तिजोरीत ठेवावा, कारण तो बंदर बदलले की आपल्या मर्जीने वेळ बदलतो. हाती साधे किल्लीचे घड्याळ बांधावे, त्यात जहाजाची वेळ लावावी, आणि किनाऱ्यावरचे कोणतेही घड्याळ काही सांगो, त्याकडे ढुंकून पाहू नये. या स्वारीस बाईंनी आपली धाकटी जाऊ रोहिणीबाई यांस आग्रहाने आणिले होते. रोहिणीबाई पासष्ट वर्षांच्या, यजमान जाऊन वर्ष लोटलेले, स्वभाव मोकळा, किल्ल्या विसरणे, चष्मा विसरणे, छत्री तर दर पावसाळ्यात नवी. हातात त्या यजमानांचेच जुने घड्याळ बांधीत, ते मनगटावर सैल होऊन फिरे. घरात सर्वांचा ग्रह ऐसा की रोहिणी वेंधळी, आणि तो ग्रह बाईंनीच तीस वर्षे जोपासला होता, हेही खरे लिहिले पाहिजे.

पंचमीच्या आदले दिवशी राज्यात दवंडी पिटली की, आज रात्री सर्वांनी घड्याळे एक तास मागे घ्यावी. जेवणाच्या टेबलावर रोहिणीबाई आमच्या शेजारी होत्या. त्यांनी तेव्हाच घड्याळ काढिले, नीट तासभर मागे फिरविले, आणि आम्हास दाखवून बोलिल्या, "बघा हं. वहिनींनी विचारलं तर साक्ष द्या. ऐकते मी." आणि लहान मुलीसारख्या हसल्या. दुसरे दिवशी सकाळी रोहिणीबाई स्नानास गेल्या असता बाईंची नजर त्या घड्याळावर पडली आणि मनात आले की, हिने मागे घेतले नसणार. मग चष्मा शोधण्याचीही तसदी न घेता त्यांनी किल्ली धरून मोठा काटा एक फेरी मागे फिरविला आणि घड्याळ होते तेथे ठेविले, आणि बोलिल्या नाहीत, कारण बोलून जाऊबाईंस खजील का करावे. ऐसा तो प्रकार जाहला.

त्या दिवशी बेट लागले. दरवाजा साडेचारास बंद आणि पाचास कूच, ऐसा हुकूम होता, आणि त्याच सायंकाळी बाईंस हिऱ्याचा मान मिळावयाचा होता. त्यासाठी सांगलीहून आणिलेली इरकली केबिनमध्ये हँगरला लावून ठेविली होती. मंडळी उतरली. बाई आम्हा सर्वांस घेऊन किल्ला पाहण्यास गेल्या. रोहिणीबाईंस चढ नको, त्या लेस विणणाऱ्या बायांच्या आळीस जाते म्हणाल्या. बाईंनी बजाविले, "सव्वाचारला धक्क्यावर." त्या म्हणाल्या, "बरं." मग किल्ला पाहून, लिंबाचे सरबत पिऊन, आम्ही साडेतीनासच जहाजावर परतलो. चार वाजले. सव्वाचार वाजले. रोहिणीबाई नाहीत. साडेचारास नावाचा पुकारा झाला, तरी नाहीत.

दरवाजावर गोव्याकडील मिनेझिस म्हणोन अंमलदार होता. तो म्हणाला, "मॅडम, वाट बघतो, पण कप्तान सायब पाचला दोर सोडणारच." बाई म्हणाल्या, "यायलाच हवी. वेंधळी आहे, पण आज चुकायची नाही. तिचं घड्याळ सकाळी मी स्वतः मागं घेतलंय." तेव्हा आम्ही बोलिलो, "बाई, ते तर त्यांनी काल जेवतानाच मागं घेतलं होतं. मला दाखवलंसुद्धा." बाईंनी आमच्याकडे पाहिले. "पुन्हा सांगा," म्हणाल्या. आम्ही पुन्हा सांगितले. क्षणभर त्यांनी कठडा धरिला. मग हळू बोलिल्या, "म्हणजे घड्याळ तासभर मागं आहे. ती उशीर करणार नाही. ती बरोबर सव्वाचारला येणार, म्हणजे आपल्या सव्वापाचला. आणि गावातलं घड्याळ दिसलं तरी बघणार नाही, कारण मीच बघू नको म्हटलंय."

मिनेझिसाने समजाविले की, ऐसे पुष्कळ होते, त्यांचा पासपोर्ट आम्ही बंदराच्या एजंटाकडे देतो, तो त्यांस पुढील बंदरी पोहोचवितो, काळजी नसावी. बाई म्हणाल्या, "एजंटाकडे पासपोर्ट द्यायला नको. मी उतरते." तो चपापला. "मॅडम, आज तुमचा मान आहे. मध्येच उतरलात तर ही सफर धरत नाहीत. सगळं जाईल." आमची मंडळीही गोळा झाली, कोणी म्हणे मी उतरतो, कोणी म्हणे रोहिणीबाई काही लहान नाहीत, येतील मागाहून. वाटाड्याने तर झेंडा उलगडला आणि म्हणाला की उतरणे हे माझे काम. त्यास बाईंनी खांद्यावर हात ठेवून सांगितले, "तुमचं काम या तीस जणांचं. ऐका माझं. ती वेंधळी असं धरून मी न विचारता घड्याळाला हात लावला. आता ती धक्क्यावर येईल, जहाज गेलेलं बघेल, आणि तिला वाटेल, वेंधळेपणा आपलाच. परक्या गावात एकटीनं उभं राहून तिनं असं वाटून घ्यायचं, हे मला चालणार नाही. एक मिनिटसुद्धा नाही." ऐसे बोलून केबिनमध्ये गेल्या आणि दहा मिनिटांत परतल्या. खांद्याच्या पिशवीत दोघींचे पासपोर्ट, दोघींच्या गोळ्या, दोन स्वेटर, आणि जहाजाचे रोजचे पत्रक, ज्यावर खाली बारीक अक्षरात एजंटाचा नंबर असतो आणि जो बाईंवाचून कोणी वाचीत नाही. इरकली हँगरवरच राहिली. मग ताठ मानेने शिडी उतरल्या, मागे वळून पाहिले नाही, आणि त्यांच्या मागे दरवाजा लागला.

पाचास भोंगा झाला आणि राज्य किनाऱ्यापासून सरकू लागले. आम्ही एका जर्मन बाईची दुर्बीण मागून घेतली आणि कठड्याशी उभे राहिलो. धक्क्यावर बाई एकट्या, पिशवी पायाशी, हात मागे. सव्वापाच वाजले आणि रोहिणीबाई आल्या. धावत नव्हत्या, घाबरल्या नव्हत्या, हाती कागदी पिशवी घेऊन रमतगमत येत होत्या. मग पाण्याकडे पाहून थबकल्या. बाई चालत त्यांच्यापाशी गेल्या. इतके दिसले आणि जहाजाने वळण घेतले.

त्या सायंकाळी दरबार भरला. कप्तान नावे वाचू लागला, बाईंचे नाव आले, तेव्हा कोणी त्याच्या कानी लागले आणि त्याने पुढील नाव घेतले. तरी आम्ही तीसही माणसे उठून उभी राहिलो आणि टाळ्या वाजविल्या, आणि खालच्या हॉलचा तो वाढपी तबक ठेवून आमच्यात आला. लोक वळून पाहू लागले, पाहोत. आमचे डोळे भरून आले होते आणि त्याची लाज वाटली नाही.

मध्ये एक दिवस पाण्यावर गेला. सप्तमीस पुढील बंदर आले, राज्यास धुक्याने पाऊण तास उशीर जाहला, आणि धक्का दिसू लागला तो बाकावर दोघी बसलेल्या. एजंटाने साध्या बोटीचे तिकीट करून दिले होते, पुढे बसने, आदले सायंकाळीच पोहोचल्या होत्या. बाईंनी शिडीशी येऊन मिनेझिसास म्हटले, "काय हो, तुमचीच वाट बघत होतो." आणि दुपारी भोजनाचे वेळी सर्वांसमोर उभ्या राहून सांगितले की, "रोहिणीचं घड्याळ मी बिघडवलं. ती माझ्या सांगण्याप्रमाणे तंतोतंत वागली. चूक माझी." छत्तीस वर्षांच्या चाकरीत आणि सत्तावीस सफरींत हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकिले नव्हते. मोठ्या आवाजात बोलिल्या आणि मग भाताला हात घातला.

धक्क्यावर दोघींत काय बोलणे झाले ते आम्ही मागाहून रोहिणीबाईंस पुसिले. त्या म्हणाल्या, "जहाज लांब गेलेलं दिसलं. वाटलं, केलाच मी घोळ. तेवढ्यात वहिनी समोर. मी विचारलं, वहिनी, उशीर झाला का हो मला? त्या म्हणाल्या, नाही गं. अगदी वेळेवर आलीस." इतके सांगून त्या उठून खिडकीपाशी गेल्या.

येणेप्रमाणे अठ्ठाविसावी स्वारी समाप्त जाहली. ती राज्याच्या दफ्तरी धरिली नाही, बाई अद्याप सोनेरीच आहेत, आणि आम्ही त्यांच्या मागून चाललो याचा अभिमान आम्हांस हिऱ्याहून अधिक. साहेबीं पुसिले तितकी कलमे वर लिहिली, त्यांत एक अधिक जोडून लेखणी ठेवितो. सोबतीच्या घड्याळास न विचारता हात लावू नये, आणि लावला तर धक्क्यावर आपण उतरावे.