मध्ये एक पोतं सोडून

तुरकर सर कोणाच्याही शेजारी बसत नाहीत. लग्नाच्या पंगतीत ते आपल्या दोन्ही बाजूंची पत्रावळ रिकामी ठेवायला लावतात. एकदा वाढप्याने शेजारी पाहुणा आणून बसवला, तेव्हा सर पत्रावळ उचलून उभ्यानेच जेवले. आमगावजवळच्या माझ्या राइस मिलमध्ये येतात तेव्हाही बसतात पोत्यावरच, पण माझ्यात नि त्यांच्यात एक पोतं सोडून.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. बायको वारल्यापासून घरी एकटेच. धानाच्या तुसापासून प्लास्टिकचा कच्चा माल काढायचा, हे त्यांचं संशोधन. तुसातला बदल घडवून आणायला धातूची एक काळी भुकटी लागते. तिच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांना ते 'पोट्टे' म्हणतात, म्हणजे पोरं.

"भाऊ, पोट्टे दूर दूर बसले तरच काम करतेत. भट्टीत तापले का एकमेकाले चिपकतेत. मग ढेकूळ. काही कामाचं नाही."

"अन् तुम्ही कोणाले चिपकाल म्हणून दूर बसता, सर?"

ते हसले नाहीत. "सवय झाली," एवढंच म्हणाले.

हमाली करत करत मी ही मिल उभी केली. फुकट कोणाला मूठभर कोंडा देत नाही. सरांना मात्र चाळलेलं, कोरडं तूस पोत्याने दिलं. भुकटी जमली की तुसातून माल काढायचं पहिलं यंत्र माझ्याकडे बसेल, हा माझा हिशेब. तेच मिरवायला तालुक्यातल्या मिलवाल्यांना चहाला बोलावलं आणि सरांना पुढे उभं केलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "जमलं नाही. दोन-चारदा वापरलं का पोट्टे चिपकून राहिले. या भाऊच्या नादी लागू नका."

मिलवाले चहा पिऊन हसत गेले. मी सरांना फाटकापर्यंत सुनावलं. "इज्जत काढली माझी, सर. थोडं गोड बोलले असते तर काय गेलं असतं?"

"खोटं कायले बोलू?"

"मग तूस कायले नेता?"

त्या दिवसापासून तूस बंद. दिवाळी गेली, नवं धान आलं, सर फिरकले नाहीत. त्यांच्या पोत्यावर कोणी टेकलं की मी खेकसायचो, एवढंच.

परवा एका व्यापाऱ्याशी तांदळाच्या भावावरून माझी जुंपली होती. तेवढ्यात सर आले. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. व्यापारी गेला तरी ते उभेच.

"तूस भेटणार नाही," मी म्हणालो.

"तूस नाही पाहिजे. पोट्टे टिकले, भाऊ. तुमच्याच उरलेल्या तुसाच्या राखेवर बसवले. किती तापवले, नाही चिपकले." मग आवाज उतरला. "सकाळीच कळलं. धावत घरी गेलो. कुलूप काढलं अन् मग ध्यानात आलं, आता सांगू कोणाले?"

यंत्राचं विचारणं माझ्या ओठांवर आलं होतं. तोवर सर बसले. मधलं पोतं सोडून नाही, त्या मधल्याच पोत्यावर. त्यांच्या सदऱ्याला भट्टीचा वास होता, खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

माझा राग गेलेला नाही. पोट्टे टिकले हे त्यांनी मिलवाल्यांसमोर सांगितल्याशिवाय जाणारही नाही. पण तेव्हा मी सरकलो नाही.